पहिल्याच छोट्या गेमचं कव्हर स्टोअरमध्ये लोकांना दिसावं, यासाठी ते कसं काढावं?

तुम्ही लिहिलंय, की 'बांगडाचोर' नावाच्या तुमच्या गेममध्ये एक मांजर मडगावच्या मासळी बाजारातून मासे पळवतं. कव्हरवर तुम्ही अख्खा बाजार काढलाय. बघणारे सगळे चित्राचं कौतुक करतात, पण स्टोअरमध्ये त्यावर कोणी क्लिक करत नाही. चित्र चांगलंच असणार. पण तुम्ही ते मोठ्या पडद्यावर काढलंय आणि लोक ते नखाएवढं बघतायत. घोळ तिथे आहे.

हीच चूक मी केलेली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी फोंड्याचा. आम्ही दोघा मित्रांनी पोदेराचा, म्हणजे गोव्यात घरोघर पाव विकणाऱ्याचा, गेम केला होता. पहाटेची वेळ, सायकलवर पावांची टोपली, रस्त्यात खड्डे, मागे लागलेली कुत्री. टोपलीतला पावांचा ढीग सांडू न देता घरोघर पोचायचं, एवढाच खेळ. कव्हरवर मी सगळा गाव काढला: देऊळ, तळी, माड, कौलारू घरं, उगवतीचा रंग आणि मधोमध पोदेर. महिनाभर त्यावर बसलो होतो. स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन स्टोअरच्या लहान चौकटीत ते चित्र गेलं तेव्हा पोदेर मुंगीएवढा झाला आणि पाव दिसेनासेच झाले. शेजारच्या वहिनींना दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "शेती करायचा गेम आहे का?"

तेव्हा मला आमच्या वाड्यावरचा नरकासुर, दिवाळीत जाळायला करतात तो मोठा पुतळा, आठवला. शाळेत असताना त्याचे डोळे रंगवायचं काम माझ्याकडे होतं आणि मी बुबुळाभोवती लाल शिरा काढत बसलो होतो. आमच्यातला थोरला मुलगा मला हाताला धरून रस्त्याच्या टोकाला घेऊन गेला. तिथून एकही शीर दिसत नव्हती. दिसत होते ते फक्त दात आणि डोळ्यांचा पांढरा भाग. परत येऊन त्याने घराच्या भिंती रंगवायचा ब्रश काळ्या रंगात बुडवला आणि पापणीवरून सरळ एक जाड पट्टा ओढला. नरकासुराला लगेच नजर आली. कव्हरचं काम अगदी हेच आहे.

म्हणून आधी चित्र काढू नका. आधी एका वाक्यात लिहा, की खेळणाऱ्याचा हात तुमच्या गेममध्ये काय करतो. 'बाजारातली धमाल' हे उत्तर नव्हे. 'पकडलं जायच्या आत मासा घेऊन पळायचं' हे उत्तर. आता त्यातला एकच क्षण निवडा, आणि तो गोष्ट घडून गेल्यावरचा नको, घडण्याच्या काठावरचा हवा. तोंडात बांगडा आडवा धरलेलं मांजर, त्याचे डोळे मागे वळलेले, आणि कडेने आत येणारा मासेवालीचा बांगड्या भरलेला हात. बस्स. हात कोपरापर्यंतच दिसला तरी चालेल, बाकीची बाई बघणारा मनात पुरी करतो. मांजराचं डोकं निम्मी चौकट भरेल एवढं मोठं घ्या. आमच्या दुसऱ्या कव्हरवर आम्ही फक्त कलंडणारा पावांचा मनोरा आणि त्याच्याकडे डोळे फाडून बघणारा पोदेर ठेवला. तेच चित्र बघून वहिनी लगेच म्हणाल्या, "अरे, पाव पडणार!" चित्र छान आहे का, असं कोणाला कधी विचारू नका. सेकंदभर दाखवा, झाका आणि विचारा, "या गेममध्ये काय करायचं असेल?"

पहिला कच्चा आराखडाच लहान काढा, आगपेटीएवढ्या चौकटीत, जाड ब्रशने. तिथे जमलं तर मोठं करताना बिघडत नाही, उलट मात्र होत नाही. मग चित्र काळं-पांढरं करून बघा. मांजर आणि मागची भिंत एकाच राखाडी रंगात गेली, तर कितीही भगवं मांजर काढा, ते उठून दिसणार नाही. आणखी एक, स्टीमचं पान गडद निळसर आहे. चंदेरी-निळा बांगडा आणि मागे रात्रीचं आभाळ घेतलंत तर चित्राची कडच त्या पानात विरघळेल. बाजारातल्या पिवळ्या बल्बचा उजेड मागे सपाट पसरा. त्यावर बांगडाही उठेल आणि मांजरही.

नावाच्या अक्षरांवर मात्र वेळ घालवा. देवनागरीत इंग्रजीपेक्षा जास्त उंची लागते: शिरोरेघेच्या वर मात्रा, वेलांट्या, अनुस्वार आणि खाली उकार. मी 'पोदेर' हे नाव बारीक ब्रशने लिहिलं होतं. लहान आकारात 'दे'ची मात्रा शिरोरेघेला चिकटली आणि लोक 'पोदर' वाचायला लागले. तुमच्या नावात 'बां'वर अनुस्वार आहे आणि 'चो'वर मात्रा. दोन्ही जाड करा, रेघेपासून मोकळी ठेवा. उभ्या कव्हरवर नाव दोन ओळींत तोडा, वर 'बांगडा' आणि खाली त्याहून मोठा 'चोर'. अक्षरांना माशाच्या शेपट्या लावायचा मोह होईल, तो आवरा.

मापं आधीच समोर ठेवा. स्टीमवर कव्हरच्या चित्राला 'कॅप्सूल' म्हणतात. स्टीमला आता हेडर ९२०×४३०, लहान कॅप्सूल ४६२×१७४, मुख्य कॅप्सूल १२३२×७०६, उभी कॅप्सूल ७४८×८९६ आणि लायब्ररीसाठी, म्हणजे घेतलेल्या गेमच्या यादीसाठी, ६००×९०० पिक्सेल लागतं. लहान कॅप्सूलमध्ये जवळजवळ सगळी जागा नावालाच द्या. प्ले स्टोअरला आयकॉन ५१२×५१२ आणि फीचर ग्राफिक, म्हणजे आडवं मोठं चित्र, १०२४×५००. आयकॉनचे कोपरे प्ले स्टोअर स्वतः गोल करतं, म्हणून चौकोन पूर्ण भरा आणि त्यावर नाव घालू नका, मांजराचं तोंड आणि मासा पुरे. एकच चित्र कापून सगळीकडे बसत नाही. म्हणून मांजर, हात, भिंत आणि नाव वेगवेगळ्या लेयरवर, म्हणजे सुटे हलवता येतील अशा थरांवर, ठेवा. चित्रकाराकडून करून घेणार असाल तर लेयर असलेली फाइल मिळणार हे आधीच ठरवून घ्या. आमच्याकडे ती नव्हती, उभं कव्हर पुन्हा पहिल्यापासून काढावं लागलं.

तारे, बक्षिसं, 'सूट' असलं काही कव्हरवर लिहू नका. स्टीमने १ सप्टेंबर २०२२ पासून ते बंद केलंय आणि प्ले स्टोअरवरही आयकॉनवर किंमत किंवा क्रमांक चालत नाही.

चित्राने खोटंही बोलू नये, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. गेम साध्या सपाट रंगांचा असेल आणि कव्हर सिनेमाच्या पोस्टरसारखं, तर घेणारा पाच मिनिटांत हिरमुसतो. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात. छोटा गेम त्या दोन तासांतच कळून चुकतो.

प्ले स्टोअरमध्ये दोन आयकॉन खऱ्या लोकांसमोर ठेवून तुलना करायची सोय आहे. ती वापरा, पण एका वेळी एकच गोष्ट बदला आणि निदान आठवडाभर चालू द्या, म्हणजे शनिवार-रविवारही त्यात येतील. स्टीमवर आपल्या खात्यातला ट्रॅफिकचा तक्ता उघडा. चित्र पुष्कळांना दिसतंय आणि क्लिक होत नाही, तर दोष कव्हरचा. मुळात ते कोणाला दिसतच नसेल, तर कव्हर बदलून काही होणार नाही.

आणि तुमचा तो अख्खा बाजार टाकून देऊ नका. स्टीमच्या लायब्ररीत गेमच्या पानावर सगळ्यात वर ३८४०×१२४० चं रुंद चित्र लागतं आणि त्यावर अक्षरं घालायची नसतात, नावाची फाइल वेगळी द्यायची असते. टोपल्या, छत्र्या, बर्फाच्या लाद्या, कोयत्याने इसवण (सुरमई) कापणाऱ्या बाया, सगळं तिथे मावेल. गेम घेतलेला माणूस ते निवांत बघेल.