विकिडेटावर भाषा नोंदवताना

विकिडेटा या विकिपीडियाच्या जोडीच्या खुल्या माहितीसाठ्यात स्वागत! लेखकाची भाषा नोंदवायला सुरुवातीला दोनच गुणधर्म (म्हणजे माहितीचे रकाने) पुरेत: ‘मातृभाषा’ (पी१०३) आणि ‘बोलता-लिहिता येणाऱ्या भाषा’ (पी१४१२). नवख्यांचा नेहमीचा घोळ म्हणजे दोन्हींत डोळे मिटून एकच उत्तर भरणं. काका कालेलकर बघा. जन्म साताऱ्याचा, मातृभाषा मराठी, पण १९६५चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला गुजराती पुस्तकाला! द. रा. बेंद्रेही तसेच, घरी मराठी आणि कविता कन्नड. म्हणून आडनाव किंवा जन्मगाव पाहून भाषा ठरवू नका, छापील आधार शोधा. नाही मिळाला तर रकाना रिकामा राहू द्या, काही बिघडत नाही.

आणखी थोडं:

- दोन्ही भाषांत लिहिणाऱ्या बा. भ. बोरकरांसारखे कवी असतील तर मराठी आणि कोकणी अशी दोन स्वतंत्र विधानं (नोंदी) करा.
- ‘लेखनभाषा’ (पी६८८६) जपून वापरा. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्या रचायच्या, टिपून घ्यायचे दुसरे. त्यांच्यासाठी पी१४१२ चालतं, त्यात बोलणंही येतं.
- ‘विकिपीडियावरून आयात’ हा संदर्भ म्हणजे नावापुरता, तो खरा आधार धरू नका.

क्विकस्टेटमेंट्स या एकगठ्ठा नोंदी करायच्या साधनाने शेकडो नोंदी एकदम भरायचा मोह होईल. आत्ता नको. आधी आवडीचे पाच-सहा लेखक हाताने करा, अडलात की बिनधास्त विचारा.