अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये काउन्सेलर नेमकं काय करतात? मुलीला मीटिंगला बोलावलंय, काळजी करायची का?

तुम्ही लिहिलंय की ऑगस्टमध्ये पुण्याहून न्यू जर्सीत आलात, मुलगी नववीत आहे, आणि आता शाळेतून मेल आलाय की काउन्सेलरबरोबर मीटिंग आहे, तर तिचं काही बिनसलंय का, आणि हे लोक मुळात करतात काय. आधी पहिल्याचं उत्तर देते म्हणजे तुम्हाला आज शांत झोप लागेल. जानेवारी-फेब्रुवारीत येणारा हा मेल जवळजवळ नेहमी पुढच्या वर्षीचे विषय निवडायला असतो आणि तो वर्गातल्या सगळ्यांना जातो.

मी न्यू जर्सीतल्याच एका पब्लिक हायस्कूलमध्ये बरीच वर्षं काउन्सेलर आहे, शाळा-कॉलेज माझं सांगलीत झालं, त्यामुळे "काउन्सेलरने बोलावलंय" हे वाचून मराठी आईबापांच्या पोटात कसा गोळा येतो ते मला चांगलं माहितीये. आपल्याकडे शाळेतून बोलावणं म्हणजे तक्रार. इथे प्रत्येक मुलाला एक काउन्सेलर ठरवून दिलेला असतो, बऱ्याच शाळांत आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून, आणि शक्यतो तोच नववी ते बारावी चारही वर्षं राहतो, अभ्यासाचं आणि मनाचं दोन्ही त्याच एका माणसाकडे.

अभ्यासाचं आधी सांगते, कारण तुमच्यासाठी या महिन्यात तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. न्यू जर्सीत हायस्कूल पास व्हायला १२० क्रेडिट लागतात, वर्षभर चालणारा विषय साधारण ५ क्रेडिटचा, त्यात इंग्लिश चारही वर्षं, गणित, सायन्स आणि सोशल स्टडीज तीन-तीन वर्षं, परदेशी भाषा किमान एक वर्ष, शिवाय जिम-हेल्थ दरवर्षी वगैरे. हा हिशोब काउन्सेलर ठेवतो. पण खरी गंमत गणितात आहे. आपल्याकडे बीजगणित-भूमिती बरोबर चालतात, इथे एक वर्ष अल्जिब्रा १, मग जॉमेट्री, मग अल्जिब्रा २, मग प्रीकॅल्क्युलस, मग कॅल्क्युलस अशी रांग आहे, आणि बाहेरून आलेल्या मुलांना कित्येकदा सरळ नववीच्या अल्जिब्रा १ मध्ये बसवलं जातं. तसं असेल तर बारावीत ती प्रीकॅल्क्युलसपर्यंतच पोचते, आणि इंजिनिअरिंगला जायचं डोक्यात असेल तर कॅल्क्युलस झालेलं असलं तर खूप फरक पडतो. यावर उपाय असतात, काही शाळांत दहावीत जॉमेट्री आणि अल्जिब्रा २ एकत्र घेता येतं, काही ठिकाणी उन्हाळ्यात एक विषय करता येतो, पण हे आत्ता विचारायला पाहिजे, अकरावीत विचारून हाती काही लागत नाही. तिचं गणित कुठल्या पायरीवर आहे ते मीटिंगच्या आधी बघून ठेवाच.

दुसरं, आपल्याकडे दहावी-बारावीचं वर्ष तेवढं महत्त्वाचं, नववी म्हणजे तयारीचं वर्ष असा हिशोब असतो. इथे नववीचे ग्रेड्स ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे चारही वर्षांच्या एकत्र गुणपत्रकावर, येतात आणि कॉलेजला जातात. आपल्या घरांतून मग याचं दुसरं टोक गाठलं जातं, पहिल्याच वर्षी सगळे ऑनर्स, म्हणजे त्याच विषयांचे जास्त अवघड वर्ग, पुढे दिसतील तितके एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे विषय. एपीची परीक्षा मे महिन्यात असते, गुण १ ते ५, आणि एका मुलाने किती एपी घ्यावेत याचा मला येणारा प्रश्न कायम आकड्यात असतो, "बाकीची मुलं किती घेतायत?" मी उलट विचारते की ती झोपते किती वाजता. पाच एपी घेऊन रडकुंडीला आलेलं मूल आणि तीन एपी घेऊन शिवाय काहीतरी मनापासून करणारं मूल यात मला दुसरं जास्त पुढे जाताना दिसलंय.

आता मनाचं. एक उदाहरण देते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. दहावीतला मुलगा, केमिस्ट्रीत ऑक्टोबरपर्यंत ए, डिसेंबरमध्ये डी. वडिलांचा मेल आला, चांगला ट्यूटर सुचवा. मुलाला बोलावलं, पहिली दहा मिनिटं तो फक्त "आय ॲम फाइन" म्हणत राहिला, मग म्हणाला की कोल्हापूरला आजी आयसीयूत आहे आणि घरचे सगळे रात्री दीड-दोनला, म्हणजे तिकडच्या दुपारी, व्हिडिओ कॉलवर असतात, डॉक्टर तेव्हाच भेटतात म्हणून, आणि आईला आधार म्हणून तो शेजारी बसतो. सकाळी साडेसातला शाळा, पहिलाच तास केमिस्ट्रीचा. त्याला ट्यूटर काय करणार? त्याला विचारून मी शिक्षिकेशी बोलले, लॅब रिपोर्टला मुदत वाढवून मिळाली, बुडालेली एक क्विझ परत घेतली, आणि त्याला विचारूनच आईवडिलांनाही फोन केला. आईला माहितीच नव्हतं की तो शाळेत डुलक्या काढतोय. मार्क घसरले की मी आधी झोप, जेवण आणि घर विचारते ते यासाठी.

तुमच्या प्रश्नात एक भीती मला दिसली, तिने आत जाऊन काही सांगितलं तर ते रेकॉर्डवर येईल आणि कॉलेजला कळेल. नाही कळत. ट्रान्सक्रिप्टवर विषय आणि ग्रेड्स असतात, काउन्सेलरकडे किती वेळा गेली हे त्यावर नसतं. आम्ही स्वतःच्या आठवणीसाठी जे टिपण ठेवतो आणि कुणाला दाखवत नाही ते १९७४ च्या फर्पा या विद्यार्थ्यांच्या रेकॉर्डच्या गोपनीयतेच्या कायद्यानुसार शैक्षणिक रेकॉर्डमध्ये धरलं जात नाही. आणि मुलगी जे बोलते ते शक्यतो आमच्यातच राहतं, अपवाद मोजके आणि ठाम आहेत, स्वतःच्या जिवाला धोका, दुसऱ्याला धोका, किंवा तिच्यावर कुणी अत्याचार करत असेल तर. अत्याचाराचा संशय आला तरी कळवणं आम्हाला कायद्याने बंधनकारक आहे, तिथे आमची मर्जी चालत नाही.

जिवाचं बोलणं निघालं की आम्ही त्याच दिवशी घरी फोन करतो, आणि बऱ्याच शाळांत डॉक्टरकडून तपासणी झाल्याशिवाय मुलाला परत वर्गात घेत नाहीत. असा फोन आला की आपल्याकडच्या घरांत पहिलं वाक्य असतं, "ती असं म्हणूच शकत नाही" किंवा "लक्ष वेधून घ्यायला बोलली असेल". मी कळकळीने सांगते, असं कधी झालं तर तिच्यासमोर हे वाक्य बोलू नका, गाडीत बसा आणि शाळेत या. ९८८ हा आत्महत्येचे विचार किंवा मानसिक संकट असेल तेव्हाच्या हेल्पलाइनचा नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, जुलै २०२२ पासून तो देशभर चालतो, चोवीस तास, फोन किंवा मेसेज दोन्ही चालतं. आम्ही थेरपिस्ट नाही, दर आठवड्याला तासभर बसून उपचार करणं आमच्या कामात बसत नाही, पण बाहेर कुणाकडे जायचं ते आम्ही सांगतो आणि ती परत आल्यावर शाळेत काय सवलत लागेल ते बघतो. ॲन्झायटी, एडीएचडी, मोठं आजारपण असं काही असेल तर ५०४ प्लॅन म्हणून एक सोय आहे, परीक्षेला जास्त वेळ, वेगळी खोली असं त्यात मिळू शकतं, आणि तो मागितल्याने कुणाचं कॉलेज अडत नाही.

तिच्या बोलण्याची नक्कल करून कुणी हसत असेल, नावाची वाट लावत असेल, तर तेही "सवय होईल" म्हणून सोडू नका. न्यू जर्सीत याला एचआयबी (हॅरासमेंट, इंटिमिडेशन, बुलिइंग, म्हणजे छळ, धमकावणं, दादागिरी) म्हणतात आणि २०११ चा कायदा कडक आहे, तक्रार आली की एका शाळेच्या दिवसात चौकशी सुरू करायची आणि लेखी तक्रारीपासून दहा शाळेच्या दिवसांत संपवायची. चौकशी करणारा माणूस पुष्कळ शाळांत काउन्सेलरच असतो.

कॉलेजचं मोठं काम बारावीत येतं. कॉमन ॲप, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज, १ ऑगस्टला उघडतं, लवकर अर्ज करणाऱ्यांची मुदत बऱ्याच कॉलेजांत १ नोव्हेंबर, आणि आम्ही ट्रान्सक्रिप्ट, शाळेची माहिती आणि शिफारसपत्र पाठवतो. आता विचार करा, व्यावसायिक संघटनेची शिफारस एका काउन्सेलरमागे २५० मुलांची आहे, देशाची सरासरी साडेतीनशेच्या वर आहे, अशा गर्दीत जी मुलगी चार वर्षांत दारात फिरकलीच नाही तिच्याबद्दल मी काय लिहिणार? मेहनती आहे, गुणी आहे, असंच काहीतरी, आणि ते सगळ्यांच्याच पत्रात असतं. जी मधूनमधून डोकावते, रोबोटिक्समध्ये नंबर आला नाही म्हणून चिडून येते, ग्रंथालयात लहान मुलांना शिकवतेय ते सांगते, तिचं पत्र आपोआप लिहून होतं. त्यासाठी बोलायला तिने यायचंय, तुम्ही नाही. पालकांचे मेल मी वाचते, उत्तरही देते, पण त्यावरून मूल कळत नाही.

एका बाबतीत मात्र आमच्यावर विसंबू नका, व्हिसा. बरेच काउन्सेलर सरसकट सगळ्यांना फाफ्सा, म्हणजे कॉलेजसाठी केंद्र सरकारच्या आर्थिक मदतीचा अर्ज, भरा म्हणून सांगतात, पण तुमची मुलगी एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर, असेल तर ती मदत तिला मिळत नाही, आणि एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो. फीचे नियम राज्याराज्यांत वेगळे, तर ते थेट कॉलेजच्या ॲडमिशन ऑफिसला आणि इमिग्रेशन वकिलाला विचारा, आणि तुमचा व्हिसा कुठला आहे ते काउन्सेलरला आत्ताच सांगून ठेवा म्हणजे तो चुकीचा सल्ला देणार नाही.

मीटिंगला जाताना पुण्याच्या शाळेची सातवी-आठवीची मार्कशीट्स न्या, आणि गणित-सायन्सच्या पुस्तकांच्या अनुक्रमणिकांचे फोटोही, कारण महाराष्ट्र बोर्डाचे ७८ टक्के इथल्या तक्त्यात सी प्लस दिसतात आणि तिला काय काय येतं ते काउन्सेलरला त्यावरून कळत नाही. मीटिंग मुलीचीच असेल आणि तुम्हाला बोलावलं नसेल तर हे सगळं तिच्याबरोबर पाठवा, बोलू तिलाच द्या. गणिताचा प्रश्न तिने स्वतः विचारावा. इंग्रजीत अडखळली तरी चालेल, आम्हाला सवय आहे.