गाडी येईपर्यंतचे चार तास

(रुग्णालयापासून दूरच्या वस्त्यांमध्ये मानसिक आणीबाणी ओढवली तर काय करावं, याबद्दल वाचकांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं. औषधांच्या मात्रा प्रशिक्षित आरोग्यकर्मींसाठी आहेत. त्या फोनवर डॉक्टरांना विचारूनच द्याव्यात.)

प्रश्न : आमच्या दवाखान्यापासून मोठं रुग्णालय चार तासांवर आहे. साठीच्या एका गृहस्थांना घरच्यांनी रात्री आणलं. दोन दिवसांपासून असंबद्ध बोलत होते, भिंतीवर किडे दिसतात म्हणत होते, मुलालाही ओळखेनात. आधी असं कधीच झालं नव्हतं. घरचे म्हणतात, डोक्यावर परिणाम झालाय, मनोविकारतज्ज्ञांकडेच न्यायचं. अशा वेळी आधी काय पाहावं? (परिचारिका)

आधी शरीर पाहा. वय साठ, मनोविकाराचा पूर्वेतिहास नाही आणि दोन दिवसांत एवढा बदल, हे चित्र बहुतेक वेळा मनोविकाराचं नसतं. जुनी माणसं ज्याला ‘वात झाला’ म्हणतात आणि डॉक्टर डिलिरियम म्हणतात, ते हे. मेंदूला साखर, ऑक्सिजन किंवा पाणी कमी पडतंय, नाहीतर जंतुसंसर्गाचं वा औषधाचं विष चढतंय, एवढाच त्याचा अर्थ. अशा माणसाला थेट मनोरुग्णालयात नेलं तर न्यूमोनियासारखा मूळ आजार तसाच राहतो आणि माणूस वाटेतच जाऊ शकतो.

ओळखायचं कसं? मनोविकार सहसा आठवड्या-महिन्यांत वाढत जातो, तरुणपणी सुरू होतो, त्यात कानात आवाज येतात, पण आपण कुठे आहोत हे रुग्णाला बहुधा सांगता येतं. डिलिरियममध्ये सकाळी ओळख पटते आणि संध्याकाळी पुन्हा सगळं बिघडतं. नसलेल्या गोष्टी ऐकू येण्यापेक्षा दिसतात जास्त. हात चादरीवरून फिरत राहतो, नसलेले धागे वेचत राहतो. वारांची नावं उलटी म्हणायला सांगा. रविवार, शनिवार, शुक्रवार... दोन-तीन नावांतच धागा सुटला तर लक्ष टिकत नाही हे कळतं, आणि डिलिरियमची ती सगळ्यात भरवशाची खूण आहे. याचा एक गप्प प्रकारही असतो. रुग्ण नुसता पडून राहतो, हाक मारल्यावर उशिरा डोळे उघडतो. आरडाओरडा नाही म्हणून तो निसटतो आणि म्हणूनच जास्त घातक ठरतो.

आता मोजा. पहिली बोटातली साखर, कारण ती मिनिटात कळते आणि मिनिटांत सुधारते. 70 च्या (मिग्रॅ प्रति डेसिलिटर) खाली असेल आणि गिळता येत असेल तर चार चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका. शिरेतून 25 टक्क्यांचं डेक्स्ट्रोज 100 मिलि किंवा 10 टक्क्यांचं 250 मिलि द्या. मग ताप, श्वासाची गती, नाडी, बी.पी. आणि ऑक्सिजन. ऑक्सिजन 94 टक्क्यांच्या खाली असेल तर तो लावा. फुप्फुसाचा जुनाट आजार असेल तर मात्र 88 ते 92 एवढंच राखा. बेंबीखाली हात ठेवून पाहा. पोट फुगीर, ठोकल्यावर बद्द आवाज आणि सकाळपासून लघवी नाही, असं असेल तर तुंबलेल्या लघवीनेही म्हातारा माणूस बरळतो. कॅथेटर (लघवीची नळी) घातल्यावर काही वेळात फरक दिसू शकतो.

घरून औषधांची पिशवी मागवा आणि टेबलावर ओता. झोपेच्या गोळ्या, सर्दी-खाजेच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या, लघवी रोखण्याच्या गोळ्या आणि गेल्या पंधरवड्यात नव्याने सुरू झालेलं काहीही वेगळं काढा. डोक्याला मार लागला होता का, तेही विचारा. आठवड्यापूर्वीचं किरकोळ पडणंही लोक सांगायचं विसरतात.

दारूबद्दल ‘पितात का’ असं विचारू नका, ‘शेवटचा पेला कधी’ असं विचारा. रोज पिणाऱ्याने अचानक थांबवली की 6 ते 12 तासांत हात कापायला लागतात, 6 ते 48 तासांत झटके येऊ शकतात आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवशी हा असा भ्रम होतो. दुसऱ्याच दुखण्यामुळे घरी पडून राहिलेल्या आणि त्यामुळे दारू सुटलेल्या माणसाच्या बाबतीत हे पुष्कळदा घडतं. इथे उपाय डायझेपाम किंवा लोराझेपाम ही शांत करणारी औषधं. नुसतं हॅलोपेरिडॉल (भ्रम-उद्रेकावरचं मनोविकाराचं औषध) दिलं तर झटक्यांचा धोका वाढतो. थायमिन (ब-1 जीवनसत्त्व) 100 मिग्रॅ ग्लुकोजच्या आधी किंवा सोबत द्या, पण त्याच्यासाठी ग्लुकोज थांबवून ठेवू नका.

प्रश्न : माझे धाकटे दीर 24 वर्षांचे आहेत. तीन आठवडे झोप नाही, आता अंगावर धावून येतात. मागच्या वेळी हातपाय बांधून, पालथं घालून पिकअपमधून नेलं होतं. पुन्हा तसं करायची पाळी आली तर? (गृहिणी)

पालथं कधीच घालू नका. बाकी सगळं विसरलात तरी हे लक्षात ठेवा. पालथ्या माणसाच्या पाठीवर कुणी बसलं की छाती फुलत नाही. त्यात तो झटापट करतोय, म्हणजे त्याला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त हवा हवी असते. धडपडणारा माणूस एकाएकी शांत झाला की बरोबरचे सुटकेचा श्वास टाकतात. तीच सगळ्यात वाईट वेळ असते. लगेच उताणं करा, श्वास पाहा, नाडी पाहा.

बांधायची वेळ येण्याआधी बरंच काही करता येतं. बोलणारा एकच असावा, ज्याच्यावर त्यांचा विश्वास आहे असा. बाकीच्यांनी नजरेआड व्हावं. दोन हातांच्या अंतरावर, समोर नाही तर थोडं बाजूला उभं राहा आणि दाराची वाट त्यांच्यासाठीही मोकळी ठेवा. कोयता, काठ्या, काचेच्या वस्तू आधीच हलवा. त्यांचा संशय खोडून काढू नका, त्याला दुजोराही देऊ नका. “तुम्हाला खूप भीती वाटतेय, झोपही झालेली नाही, त्यावर औषध घेऊया,” एवढंच पुरे. जमेल तिथे निवड त्यांच्या हातात द्या: पाणी आधी की गोळी आधी. फसवून मात्र नेऊ नका. ‘बाजारात जाऊ’ म्हणून गाडीत बसवलेला माणूस पुढच्या वेळी गाडीत पायच ठेवत नाही.

तोंडाने गोळी घ्यायला तयार असतील तर इंजेक्शन टाळावं. इंजेक्शनच लागलं तर सामान्यतः हॅलोपेरिडॉल 5 मिग्रॅ आणि प्रोमेथाझिन (गुंगी आणणारं अ‍ॅलर्जीचं औषध) 25 ते 50 मिग्रॅ स्नायूत दिलं जातं. ते फोनवरच्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून, आरोग्यकर्मीनेच द्यायचं. त्यानंतर पहिला तास दर 15 मिनिटांनी श्वास, नाडी आणि ऑक्सिजन लिहून ठेवायचं. नुसतं हॅलोपेरिडॉल दिलं असेल तर काही जणांची काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, मान एका बाजूला वळून अडकते, डोळे वर चढतात, जीभ बाहेर येते. नातेवाइकांना वाटतं फिट आली. रुग्ण पूर्ण शुद्धीत असतो आणि विलक्षण घाबरलेला असतो. प्रोमेथाझिनचं इंजेक्शन दिलं की साधारण अर्ध्या तासात हे सुटतं. हे आधीच समजावून सांगितलं नाही तर घरचे सगळीच औषधं बंद करतात. बंद पडलेल्या उपचारांमागे असा एखादा घाबरवणारा अनुभव अनेकदा असतो.

गाडीत त्यांना मागच्या सीटवर मध्ये बसवा, दोन्ही बाजूंना ओळखीचे लोक, दारांना चाइल्ड लॉक. चालकाच्या बरोबर मागे बसवू नका. काहीच इलाज उरला नाही आणि बांधावंच लागलं तर दोरी नको, रुंद मऊ कापड घ्या. उताणं किंवा कुशीवर, डोकं उंच, कापडाखाली दोन बोटं सहज जातील एवढं सैल. दर 15 मिनिटांनी हाताचा रंग आणि ऊब पाहा, आणि शांत झाल्याबरोबर एकेक हातपाय सोडा.

प्रश्न : सतरा वर्षांच्या विद्यार्थिनीने रागाच्या भरात घरातल्या तापाच्या गोळ्या खाल्ल्या. उलटी झाली, आता बरी दिसते. घरचे म्हणतात, चार तासांचा प्रवास कशाला, उगाच बोभाटा होईल. (शिक्षक)

आत्ता निघा. तापाच्या गोळ्या म्हणजे बहुधा पॅरासिटामॉल, आणि त्याची गोम हीच की पहिला दिवस माणूस धडधाकट दिसतो. यकृताला इजा होत असते, ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळते. यावर एन-अॅसिटिलसिस्टीन हे उतारा औषध आहे आणि गोळ्या घेतल्यापासून आठ तासांच्या आत सुरू झालं तर ते जवळजवळ पूर्ण संरक्षण देतं. त्यातले चार तास रस्त्यातच जाणार आहेत. बोभाट्याची भीती खरी आहे, म्हणून गाडीत मोजकीच माणसं घ्या आणि विचारणाऱ्यांना ‘पोटदुखी’ एवढंच सांगा. रुग्णालयात मात्र खरं सांगा, वेळेसकट.

कुठल्याही विषात उलटी करवू नका. मिठाचं पाणी, तेल, घशात बोटं, यातलं काहीच नको. कीटकनाशक असेल तर हातमोजे घालून कपडे काढा, साबण-पाण्याने अंग आणि केस धुवा, डाव्या कुशीवर निजवा. बाटली किंवा लेबल बरोबर घ्या. लेबल फाटलं असेल तर फोटो काढा. बाहुल्या टाचणीएवढ्या, तोंडातून लाळ-फेस आणि छातीत घरघर ही ऑर्गनोफॉस्फेट या प्रकारच्या कीटकनाशकाची खूण. त्यात अॅट्रोपिन हा उतारा 1.8 ते 3 मिग्रॅ शिरेतून देतात आणि छाती कोरडी होईपर्यंत दर 5 मिनिटांनी मात्रा दुप्पट करतात. अँप्युल 0.6 मिग्रॅचं असेल तर पहिल्याच मात्रेला तीन ते पाच लागतात, चौथ्या फेरीला चोवीस ते चाळीस. दुर्गम दवाखान्यातली पेटी इथेच रिकामी पडते. साठा ठरवताना हा हिशेब समोर ठेवा.

आणि वाटेत तिला रागावू नका. तिच्याशेजारी असा कुणी बसू दे, जो एकही ‘का’ विचारणार नाही.

प्रश्न : फोनला रेंज पाच मिनिटंच मिळते. डॉक्टरांना काय सांगावं? (आरोग्यसेवक)

पहिल्या वाक्यात काय हवंय ते सांगा: “रुग्ण हलवायचा का आणि गुंगी द्यायची का, हे विचारायचंय.” मग वय, किती तासांपासून, पूर्वी झालं होतं का. मग पाच आकडे: साखर, ताप, नाडी, बी.पी., ऑक्सिजन. मग स्वतःला वा दुसऱ्याला इजा करण्याचा धोका. शेवटी तुमच्याकडे कोणती औषधं आहेत. हे सगळं फोन लावण्याआधी कागदावर उतरवा आणि उत्तर मोठ्याने परत वाचून दाखवा.

ऑस्ट्रेलियात 1928 साली सुरू झालेल्या रॉयल फ्लाइंग डॉक्टर या विमानाने डॉक्टर पोहोचवणाऱ्या सेवेने 1942 पासून दूरच्या वस्त्यांना औषधपेट्या दिल्या. त्यातल्या प्रत्येक औषधाला क्रमांक असतो. डॉक्टर क्रमांक सांगतात, त्यामुळे नाव चुकायचा प्रश्नच येत नाही. तुमच्या पेटीला क्रमांक घालायला एक पेन पुरतो.

प्रश्न : भावाने आत्महत्येचा प्रयत्न केला, वाचला, परवा घरी येतोय. मनोविकारतज्ज्ञ दोन महिन्यांनी. कीटकनाशकाला कुलूपबंद पेटी आणू का? (बहीण)

पेटीवर फार भिस्त ठेवू नका. श्रीलंकेत 180 गावांमध्ये अशा कुलूपबंद पेट्या देऊन मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2017 मध्ये आले. पेट्यांमुळे विषप्राशन कमी झालेलं दिसलं नाही. त्याच देशात अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी घातल्यावर मात्र आत्महत्या मोठ्या प्रमाणात घटल्या. यातून घराला घ्यायचं ते एवढंच: विष घरात नसणं हाच खरा उपाय. फवारणीपुरतंच आणा, उरलेलं दुसऱ्याच्या ताब्यात द्या. ती तीव्र इच्छा पुष्कळदा थोड्याच वेळात ओसरते. तेवढ्या वेळात हाताशी काही नसलं की जीव वाचतो. त्याच्या स्वतःच्या गोळ्याही एका आठवड्यापुरत्याच घरात ठेवा.

तो आल्यावर त्याच्यासोबत बसून एक कागद लिहा, त्याच्याच शब्दांत आणि त्याच्याच हातून. मन बिघडायला लागल्याच्या खुणा कोणत्या, तेव्हा एकट्याने काय करायचं, कुठे जाऊन बसायचं, कुणाला मनातलं सांगायचं, कोणत्या दवाखान्याला फोन करायचा आणि कोणत्या वस्तू घरातून हलवायच्या. ‘व्यायाम करीन’ असं मोघम नको, ‘नदीवर जाऊन पोहून येईन’ असं नेमकं हवं. आणि स्पष्ट विचारा, “मरावंसं वाटतंय का?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते.

मग भेटी. पाच देशांतल्या 1,867 जणांवरचा जागतिक आरोग्य संघटनेचा एक अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रयत्नानंतर तासभराची माहिती आणि पुढच्या 18 महिन्यांत नऊ भेटी किंवा फोन, एवढंच केलं होतं. त्या गटात आत्महत्येने गेलेले 0.2 टक्के, नेहमीच्या उपचारांच्या गटात 2.2 टक्के. या भेटी लांबलचक नव्हत्या. कसा आहेस, काही हवंय का, औषध चालू आहे ना. अशी विचारपूस करायला मनोविकारतज्ज्ञ लागत नाही, आणि दोन महिने वाट पाहावी लागत नाही. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. तोवरचा काळ जास्त जपायचा. पहिली भेट घरी आल्याच्या पहिल्या आठवड्यातच व्हायला हवी. परवा येतोय, तर पुढच्या सोमवारी कोण जाणार ते आजच ठरवा.