घाटात ९८.३ वरचं गाणं मधेच का बदलतं?

प्रश्न असा आहे की पुण्याहून मुंबईला गाडीने जाताना लोणावळ्याच्या पुढे ९८.३ वरचं गाणं अचानक दुसरंच होतं, स्टेशन तर एकच ना? आणि दोन्हीकडे हिंदीच का?

मी हा रस्ता बरीच वर्षं करतोय, पहिल्यांदा असं झालं तेव्हा स्टिरिओ बिघडला म्हणून त्याला दोन चापट्या मारल्या होत्या. तर स्टेशन एक नाहीये, दोन आहेत. नाव दोन्हीकडे रेडिओ मिर्चीच, पण आपल्याकडे प्रायव्हेट एफएमचं लायसन्स शहराप्रमाणे मिळतं, त्यामुळे पुण्याचा ट्रान्समीटर वेगळा, आरजे वेगळा, जाहिराती वेगळ्या. ९१.१ आणि ९३.५ चं पण तसंच. मधे सह्याद्री उभा आहे आणि एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, डोंगर आडवा आला की संपलं, म्हणून तोच आकडा दोन्हीकडे चालून जातो. गंमत घाटात होते. मीडियम वेव्हवर (आकाशवाणीचा जुना एएम पट्टा) दोन स्टेशनं एकमेकांत मिसळून ऐकू येतात, एफएमचा रिसीव्हर मात्र जो सिग्नल जोरात असेल तोच धरतो आणि दुसरा दाबून टाकतो. म्हणून एका वळणावर पुणे, पुढच्या वळणावर मुंबई, परत पुणे!

आता हिंदीचं. मुंबईचे आकडे बघा, ९१.१, ९१.९, ९२.७, ९३.५, ९४.३. प्रत्येकात ०.८ मेगाहर्ट्झचं अंतर, कारण एका शहरात दोन स्टेशनांमधे ८०० किलोहर्ट्झ सोडायचा नियम ठेवला होता. म्हणजे जागा मोजक्याच, त्या लिलावात घ्यायच्या (२०१५ ला झाला तसा), वर दरवर्षी सरकारला फी. स्वतःच्या बातम्या द्यायला बंदी, आकाशवाणीच्या आहेत तशा लावता येतात फक्त. मग उरतं काय, गाणी आणि बडबड. एवढा पैसा ओतल्यावर बिल्डर, सराफ, क्लासवाले सगळ्यांच्या जाहिराती हव्यात म्हणून जो तो सगळ्यांना चालेल असं हिंदी फिल्मी पकडतो. मला हे भित्रेपणाचंच वाटतं, पण हिशोब त्यांचा आहे.

तरी गाव बदललं की गणित बदलतं. ९४.३ च घ्या ना, मुंबईत रेडिओ वनने मधे हिंदी सोडून इंग्रजी गाणी धरली, पुण्यात त्याच नावाने त्याच आकड्यावर हिंदी चालू होतं, आणि कोल्हापुरात ९४.३ म्हणजे पुढारीवाल्यांचा टोमॅटो एफएम.

घाटात मराठी ऐकायचं असेल तर सरळ मीडियम वेव्ह लावा, आकाशवाणी पुणे ७९२ किलोहर्ट्झ, आकाशवाणी मुंबईची मराठी वाहिनी अस्मिता ५५८. डोंगराला ती एवढी जुमानत नाही. बोगद्यात गायब होते, आणि हाय टेन्शनच्या तारांखाली खरखरते, तेवढं सोसायचं.