पुळणीवर सरकारी वाळूचा भराव, खाली कासवाची अंडी : आता कायद्याने काय करता येईल?

नमस्कार. तुमचा मेल वाचला. गावचा किनारा धुपतोय म्हणून एका सरकारी खात्याने समुद्रातली वाळू ड्रेजरने काढून पुळणीवर टाकायचं काम घेतलंय, ते एकदाच नाही तर दर दोन-तीन वर्षांनी टाकत राहणार, आणि यंदा नेमकं जानेवारीत, ऑलिव्ह रिडले ही समुद्री कासवं अंडी घालायला येतात तेव्हाच डंपर सुरू झालेत. तुम्ही कासवमित्र, तुमच्या चुलतभावाची माडाची बाग समुद्र खातोय म्हणून तो कामाच्या बाजूने, ग्रामसभेचा ठरावही तसाच, आणि साहेब म्हणतात परवानगी होऊन दीड वर्ष झालं, आता उशीर झाला. त्यात पोरांनी डंपर अडवला तर पोलिसांनी दम दिला.

आधी ते डंपर अडवणं बंद करा. भारतीय न्याय संहितेचं कलम २२१ (सरकारी कामात अडथळा) आहेच, झटापट झाली तर थेट १३२ (सरकारी नोकरावर हल्ला) लागतं, मग कासवं राहतात बाजूला आणि तुम्ही जामिनाच्या मागे.

उशीर झाला हे अर्धंच खरं आहे. सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) मंजुरीला एनजीटीत, म्हणजे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात, आव्हान द्यायचं तर एनजीटी कायदा २०१० च्या कलम १६ खाली ३० दिवस, कारण पटवून दिलंत तर अजून ६०, त्यापुढे ट्रिब्युनलचेही हात बांधलेले. हे दिवस मंजुरी लोकांसमोर जाहीर झाल्यापासून मोजतात, त्यामुळे ती वेबसाइटवर कधी चढली ते बघा, पण दीड वर्षापूर्वीच चढली असेल तर तो रस्ता संपला. आणि खरं सांगू का, मुदत असती तरी मी मंजुरी रद्द करा म्हणून गेलो नसतो. २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेत शास्त्रीय अभ्यासावर आधारलेली धूपप्रतिबंधक कामं चालतात, आणि वाळू नको म्हणालात तर उद्या दगडी बंधारा येईल, ज्यात मादीला अंडी घालायला जागाच उरत नाही. बाकी किनाऱ्यावर काय करायचं हे तुम्ही आणि भाऊ दोघं मिळून ठरवा, त्याची बाग वाचणं आणि अंडी वाचणं यात भांडण असायचं कारण नाही.

तुमची केस आहे ती अटींमध्ये. मंजुरीच्या पत्राला अटी जोडलेल्या असतात, आणि त्या पाळल्या का याचा अहवाल खात्याने दर सहा महिन्यांनी द्यायचा असतो. पत्र, अहवाल, आणि अर्जासोबतचा १:४००० चा नकाशा, तिन्ही काढा, वेबसाइटवर नसतील तर आरटीआय टाका (३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं). नकाशा नीट बघा हं, कारण कासवांची विणीची जागा ही अधिसूचनेप्रमाणे सीआरझेड-१ए या सगळ्यात नाजूक गटात येते, आणि वनखात्याकडे तुमच्या घरट्यांच्या नोंदी असताना नकाशात पुळण नुसतीच वाळू म्हणून दाखवली असेल तर खात्याला उत्तर देणं जड जाईल.

अटी मोडल्याबद्दल एनजीटी कायद्याच्याच कलम १४ खाली अर्ज करता येतो, मुदत ६ महिने, कारण पटवून दिलंत तर अजून ६० दिवस. समोरचा वकील म्हणणारच की वादाचं कारण पहिल्यांदा घडलं तेव्हापासून मुदत मोजा, म्हणून अर्जात यंदाच्या हंगामातल्या प्रत्येक घटनेची तारीख वेगळी लिहायची.

दुसरं हत्यार वन्यजीव संरक्षण कायदा १९७२. ऑलिव्ह रिडले अनुसूची १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत, आणि कायद्याच्या व्याख्येत शिकार म्हणजे फक्त मारणं नाही, सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणं, अंडी किंवा घरटं हलवणं-बिघडवणं हेसुद्धा शिकारच. शिक्षा ३ ते ७ वर्षं. हेतू नव्हता असं ते म्हणतील, म्हणून घरटी कुठे आहेत हे त्यांना आजच लेखी कळवा, एक प्रत ठेकेदाराला, एक वनखात्याच्या कांदळवन कक्षाला, पोच घेऊनच. त्यानंतर त्यांना माहीत नव्हतं म्हणता येत नाही.

पुरावा मात्र नुसते डंपरचे फोटो नकोत. नव्या भरावाला लाटांनी कापून उभी कड तयार होते, मादी तिथवर येते आणि अंडी न घालता परत फिरते, तो वळलेला माग आणि कडेची उंची दिसेल अशी टेप धरून फोटो काढा, वनरक्षकाला बोलावून पंचनामा करून घ्या. जुनी वाळू आणि नवी वाळू वेगवेगळ्या पिशव्यांत सील करा. दाणा बारीक, चिखलट असेल तर पुळण दाबून घट्ट होते, मादीला खणता येत नाही, आणि रंग गडद असेल तर घरटं जास्त तापतं, कासवात नर की मादी हे तापमानावर ठरतं म्हणून हा मुद्दा शोभेचा नाही. भरावाखाली शिंपले आणि मोल क्रॅब (वाळूत राहणारे छोटे खेकडे) गाडले जातात, किनाऱ्यावरचे पक्षी त्यांच्यावरच जगतात, ते परत वसायच्या आत पुढचा थर पडला तर काय, हा प्रश्न तुमच्या केसमध्ये मोठा आहे कारण काम वर्षानुवर्षं चालणार आहे. फोटोंची मूळ फाइल फोनमधून उडवू नका.

मागायचं काय तर नोव्हेंबर ते मे भराव बंद, जुन्या वाळूशी जुळणारा दाणा, हंगामाआधी कड सपाट करून घट्ट वाळू नांगरून मोकळी करणं (फ्लोरिडात हे नेहमी करतात), आणि प्रत्येक नव्या थराआधी आधीच्या थराचा अभ्यास. सोबत अंतरिम स्थगितीचा अर्ज. एनजीटीचं पुण्याचं खंडपीठ आहे, भरपाई मागितली नाही तर फी १००० रुपये.

मंजुरीचं पत्र हाती आलं की अटींची पानं तेवढी पाठवा, आणि मंजुरी वेबसाइटवर चढल्याची तारीख दिसतेय असा स्क्रीनशॉट. ते बघून अर्ज या हंगामातच टाकायचा का ते सांगतो, घरटी कळवायचं पत्र मात्र त्यासाठी अडवून ठेवू नका.