कुमाऊंतल्या जत्रा पाहायच्या असतील तर कधी जावं आणि कुठली निवडावी?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून आठ दिवसांसाठी निघताय, सत्तरीचे आईबाबा सोबत आहेत, उत्तराखंडातलं नैनिताल-कौसानी ठरलंच आहे. पण नुसते 'पॉइंट' बघत फिरण्यापेक्षा तिथली एखादी खरी जत्रा पाहायची आहे. ऑगस्ट, सप्टेंबर की जानेवारी, हा तुमचा प्रश्न. माझं उत्तर जानेवारी. बागेश्वरची उत्तरायणी. नोकरीमुळे मी बरीच वर्षं अल्मोड्यात काढली, आता हल्द्वानीत असतो, त्यामुळे इतर जत्रांबद्दलही सांगतो. मग तुम्हीच ठरवा.

आधी पंचांगाचं बघा, कारण मराठी माणसाचा घोळ तिथेच होतो. कुमाऊंत दोन हिशोब एकत्र चालतात. घरगुती सण बहुतेक सौर महिन्याने, म्हणजे संक्रांतीला महिना बदलतो त्या दिवशी. म्हणून हरेला दरवर्षी जुलैच्या १६ तारखेच्या आसपास, फूलदेई मार्चच्या मध्यावर, घी संक्रांत ऑगस्टच्या १७ च्या आगेमागे. (घी संक्रांतीला तूप खाल्लं नाही तर पुढच्या जन्मी गोगलगाय होतो म्हणतात. डाएटवाल्यांनी त्या दिवशी कुमाऊंत जाऊ नये.) मोठ्या देवीच्या जत्रा मात्र तिथीने: नंदाष्टमी भाद्रपद शुद्ध अष्टमीला, देवीधुऱ्याची जत्रा श्रावणी पौर्णिमेला. आपल्याकडचा 'श्रावण' बघून हरेल्याचं तिकीट काढलंत तर पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असेल. आणि हरेला, फूलदेई हे घरातले सण आहेत. हरेल्याला, नऊ-दहा दिवस आधी टोपलीत पेरलेलं धान्य उगवतं, ते पिवळसर कोंब कापून घरातली म्हातारी माणसं लेकरांच्या डोक्यावर ठेवतात आणि 'जी रया, जागि रया' असा आशीर्वाद देतात. कुणाच्या घरी बोलावणं असेल तर पाहण्यासारखं आहे. हॉटेलात बसून यातलं काहीच दिसत नाही.

आता उत्तरायणी. बागेश्वर हे सरयू आणि गोमती यांच्या संगमावरचं गाव (ही गोमती लखनौची नव्हे), संगमावर बागनाथाचं जुनं देऊळ. मकरसंक्रांतीला इथे स्नान, मुंजी, जावळं, आणि पुढे आठवडाभर बाजार. नदीकाठच्या सपाट जागेला इकडे 'बगड' म्हणतात. सरयूच्या बगडावर सगळा पसारा मांडलेला असतो: पाळणे, जिलेबीच्या कढया, रिंगाळाच्या म्हणजे बारीक पहाडी बांबूच्या टोपल्या आणि सुपं, लोखंडी तवे, विळे. मला सगळ्यात आवडतात ते वर जोहार, दारमा या खोऱ्यांतून उतरलेले शौका लोक. यांच्या आजे-पणजांचा धंदा तिबेटशी होता. मीठ, लोकर, सुहागा (टाकणखार) इकडे यायचं आणि धान्य, गूळ, कापड तिकडे जायचं. १९६२ च्या युद्धानंतर ती वाट बंद झाली, पण उत्तरायणीला खाली उतरायची सवय सुटली नाही. थुलमा म्हणजे जाड केसाळ लोकरी पांघरूण, चुटका त्याहून जड, पंखी म्हणजे लोकरीची शाल आणि दन म्हणजे गालिचा. हे सगळं यांच्याकडे मिळतं. खरं मिळतं आणि लुधियानाच्या गिरण्यांतलं नकलीही मिळतं. मी एका बाईंना विचारलं, ही लोकरच कशावरून? त्यांनी काही न बोलता दनाच्या काठाचा एक धागा उपटला, काडेपेटी ओढली आणि धागा माझ्या नाकासमोर धरला. केस जळल्याचा वास आला आणि हातात चुरडली जाणारी काळी राख राहिली. 'आता शेजारच्या दुकानात जाऊन हेच करा,' म्हणाल्या. शेजारच्याने धागा काढू दिला नाही. दन मोठा घेऊ नका, विमानात वजनाची पंचाईत होते. पण जंबू आणि गंद्रायणी जरूर घ्या. जंबू म्हणजे कांद्याच्या जातीच्या पहाडी रोपाची वाळलेली पाती. तुपात तडतडवून उडदाच्या वरणावर घातली की हिंगाची आठवण येत नाही. गंद्रायणीचं मूळ राजम्यात टाकतात. दोन्ही चिमूटभर पुरतं, म्हणून थोडंच घ्या.

बागेश्वरला आणखी एक गोष्ट डोक्यात ठेवून जा. इंग्रज साहेब दौऱ्यावर निघाला की त्याचं सामान गावकऱ्यांनी फुकट वाहायचं, अशी सक्ती इथे शंभर वर्षं होती; तिला कुली बेगार म्हणत. कुणाची पाळी कधी, याच्या वह्या गावच्या पधानाकडे, म्हणजे पाटलाकडे असायच्या. जानेवारी १९२१ च्या उत्तरायणीत बद्रीदत्त पांडे, हरगोविंद पंत, चिरंजीलाल यांच्या पुढाकाराने जमलेल्या लोकांनी सरयूचं पाणी हातात घेऊन शपथ घेतली की आता ओझं वाहणार नाही, आणि पधानांनी त्या वह्या नदीत फेकून दिल्या. डेप्युटी कमिशनर पोलीस घेऊन हजर होता, पण एवढ्या गर्दीपुढे त्याला काही करता आलं नाही. बेगार त्यानंतर संपलीच. मग १९२९ मध्ये गांधीजी मुद्दाम बागेश्वरला येऊन गेले. सभेसाठी वेगळी माणसं जमवावी लागली नव्हती, जत्रेला ती आलेलीच होती, हे मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आजही उत्तरायणीत राजकीय पक्ष बगडावर आपापले मांडव टाकतात आणि भाषणं ठोकतात. ती ऐकलीच पाहिजेत असं नाही, पण जिलेबी खाताना कानावर पडतातच.

घरोघरी याच दिवसांत घुघुतिया असतो. गूळ घातलेल्या कणकेचे घुघुते तळतात. काही नुसते वळसे, काही ढाल, तलवार, डमरू. दोऱ्यात ओवून मध्ये एक संत्रं लावलं की पोरांच्या गळ्यात माळ. मग पहाटे कडाक्याच्या थंडीत पोरं गच्चीवर चढून ओरडतात: 'काले कौवा काले, घुघुति माला खाले!' कावळा पुढे आला की माळेतला एक त्याला, दोन स्वतःला. सरयूच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या गावांत या कावळे बोलावण्यात एका दिवसाचा फरक असतो, म्हणजे जागा बदललीत तर दोनदा पाहता येईल. तुमच्या आईंनी सोबत तिळगूळ नेला तर देवाणघेवाण छान होईल. संक्रांत तीच आहे.

आईबाबांच्या दृष्टीने बागेश्वर बरं यासाठीही की ते हजार मीटरच्या आसपास, खोऱ्यात आहे. अल्मोडा, कौसानी त्याहून बरेच उंचावर आहेत. पहाटे हात गारठतात, पण ऊन आलं की बगडावर बसायला मजा येते. चढउतार जवळजवळ नाहीच.

तुमचा सप्टेंबरचा पर्याय म्हणजे अल्मोड्याचा नंदादेवी मेळा. हा तुम्हाला मनाने जवळचा वाटेल, कारण दिवस आपल्या गौरीगणपतीचे आणि भावही तोच: नंदा ही हिमालयाला दिलेली लेक, ती माहेरी येते आणि तिला परत पाठवायचं. मूर्ती केळीच्या खांबांच्या करतात. षष्ठीला संध्याकाळी पुजारी केळीच्या बनात जाऊन झाडांना अक्षता वाहून आमंत्रण देतो. अक्षता टाकल्यावर जो खांब आधी हलेल तो नंदेचा, दुसरा तिच्या बहिणीचा, सुनंदेचा. सप्तमीला सकाळी ते खांब कापून वाजतगाजत देवळात आणतात, रात्रीतून मुखवटे घडवतात, रंगवतात, आणि अष्टमीला पहाटे प्राणप्रतिष्ठा. चंद राजघराण्याचे वंशज आजही पूजेला काशीपूरहून येतात. सतराव्या शतकात राजा बाजबहादूर चंदाने गढवालवर स्वारी करून नंदेची मूर्ती अल्मोड्याला आणली अशी परंपरा आहे. शेवटच्या दिवशी देवीचा डोला, म्हणजे पालखी निघते तेव्हा अल्मोड्याच्या फरसबंद बाजारातल्या लाकडी सज्ज्यांतून बायका अक्षता टाकतात, आणि डोळे पुसणाऱ्या कमी नसतात. नैनितालमध्येही हाच मेळा होतो, तिथे मूर्ती तलावात विसर्जित करतात. मला अल्मोडा जास्त आवडतो, नैनितालला पर्यटकांच्या गर्दीत देवी हरवते.

मेळ्यात रात्री जागत बसलात तर झोडा बघायला मिळेल. बायका-पुरुष हात गुंफून गोलात फेर धरतात, मध्ये हुडका वाजवणारा ओळ टाकतो आणि फेर ती उचलतो. कुणी जुना जाणकार भेटला तर 'बैर' ऐका. दोन गायक एकमेकांना गाण्यातून कोडी घालतात, शास्त्रातली, गावातली, कधी समोरच्याच्या खानदानावरची. कलगी-तुऱ्याची सवय असलेल्या माणसाला भाषा अर्धी कळली तरी डाव कळतो. असे गायक आता फार थोडे उरलेत. लाऊडस्पीकरवरचे ऑर्केस्ट्रा मात्र दरवर्षी वाढताहेत आणि मला ते सहन होत नाहीत.

याच भाद्रपदात पिथौरागढच्या बाजूला सातूं-आठूं असतं. गवरा सप्तमीला येते, रुसून माहेरी आलेली. अष्टमीला महेश्वर तिला न्यायला येतो. शेतातल्या रोपांच्या काड्यांची गवरा करतात, भिजवलेल्या कडधान्यांचे 'बिरूड' वाहतात. काली नदीपलीकडे नेपाळातही हे असंच चालतं. पण तो भाग दूर आहे आणि पावसाळा सरलेला नसतो.

ऑगस्टमध्ये देवीधुऱ्याची बग्वाल. फोटो तुम्ही पाहिले असतील, दगडफेकीची जत्रा म्हणून. चंपावत जिल्ह्यात बाराही देवीचं ठाणं आहे. राखीपौर्णिमेला वालिक, लमगडिया, चम्याल, गहडवाल अशा चार खामांचे म्हणजे कुळांच्या गटांचे लोक रिंगाळाच्या ढाली घेऊन मैदानात उतरतात. कथा अशी की पूर्वी पाळीपाळीने नरबळी द्यावा लागे; चम्याल खामातल्या एका म्हातारीवर पाळी आली, तिला एकच नातू; तिने देवीला साकडं घातलं, आणि मग ठरलं की एका माणसाएवढं रक्त सांडेपर्यंत खेळायचं. पुजाऱ्याला तेवढं झालंसं वाटलं की तो मैदानात येऊन थांबवतो आणि मघाशी मारणारे एकमेकांना मिठ्या मारतात. २०१३ मध्ये उच्च न्यायालयाचा आदेश आल्यापासून फळं-फुलं फेकायची असतात. अधूनमधून दगडही उडतातच. प्रत्यक्ष बग्वाल जेमतेम दहा मिनिटांची, त्यासाठी तासन्‌तास गर्दीत उभं राहावं लागतं आणि पावसात दरडी कोसळून रस्ते बंद होतात. आईबाबांना घेऊन अजिबात नको. तुम्ही एकटे परत कधी आलात तर जा.

नंदा राजजातबद्दलही विचारलंय. ती गढवालातल्या नौटी गावातून निघते, साधारण बारा वर्षांनी, चार शिंगांचा मेंढा पुढे चालतो, होमकुंडापर्यंत सुमारे २८० किलोमीटर. मागची २०१४ मध्ये झाली, त्याआधीची २००० मध्ये. ती यात्रा आहे, जत्रा नव्हे. पायात ताकद आणि सुट्टी दोन्ही लागतात. आठ दिवसांत बसणार नाही.

तर जानेवारीत आलात तर असं करा. दिल्लीहून काठगोदामला रेल्वेने १३ तारखेला पोचा आणि त्या रात्री तिथेच थांबा. काठगोदामला लागूनच राणीबाग आहे. उत्तरायणीच्या आदल्या रात्री गौला नदीकाठी, कत्यूरी या जुन्या राजघराण्यातल्या जियाराणीच्या ठिकाणी, त्या घराण्याचे वंशज म्हणवणारी मंडळी गावोगावहून जमतात आणि रात्रभर जागर चालतो. ढोल-दमाऊ, निशाणं, अंगात येणं, थंडीत नदीत डुबकी. बघायला कुणी हरकत घेत नाही, पण अंगात आलेल्या माणसाच्या तोंडासमोर मोबाइल धरू नका, तिथल्या म्हाताऱ्यांना ते खपत नाही. आईबाबांना तासाभरात हॉटेलवर परत आणा. दुसऱ्या दिवशी अल्मोड्यामार्गे बागेश्वर; रस्ता दीडशे किलोमीटरच्या आसपास असला तरी घाटाचा, दिवस त्यातच जातो. गाडी लागणाऱ्यांनी गोळी सकाळीच घ्यावी.

बागेश्वरात जत्रेच्या दिवसांत खोली मिळणं अवघड असतं, कुमाऊं मंडल विकास निगमचं विश्रामगृह आहे, ते आधीच विचारून ठेवा. नाहीच मिळालं तर कौसानीला मुक्काम करा, तिथून चाळीसेक किलोमीटर आहे, शेअर जीप मिळते. सकाळी लवकर निघा आणि चारच्या आत परतीची जीप पकडा. नंतर सगळं खोरं एकदम घरी निघतं, आणि मग टपावरसुद्धा जागा मिळत नाही.