टचस्क्रीनमधून डेटा पाठवायचा आहे, मग शाखा कोणती?

प्रिय विद्यार्थिनी,

बोटातली अंगठी टचस्क्रीनला आपली ओळख कळवू शकते, हे वाचल्यापासून तुला त्याच विषयात काम करायचं आहे. घरचे मात्र ‘कॉम्प्युटर सायन्सच घे’ म्हणतात. मला विचारशील तर इलेक्ट्रॉनिक्स घे.

या विषयाचं खरं दुखणं काचेखाली आहे. तिथे पारदर्शक इलेक्ट्रोडची जाळी असते. उभ्या ओळींतून सिग्नल सोडायचा, आडव्या ओळींनी तो टिपायचा. बोट जवळ आलं की तिथला कपॅसिटन्स (विद्युतभार धरून ठेवण्याची क्षमता) बदलतो आणि कंट्रोलर, म्हणजे स्क्रीन वाचणारी चिप, त्याला स्पर्श समजतो. बोटाऐवजी एखाद्या उपकरणाने हाच बदल ठरावीक लयीत घडवला, की शून्य-एक पोचू लागतात. रटगर्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2012 मध्ये अंगठीतून हेच करून दाखवलं. पण वेग अगदीच कमी! कंट्रोलर बारीकसारीक बदल गोंगाट म्हणून गाळतो, आणि आपला सिग्नलही त्यातच जातो. 2016 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात उलट दिशेने, म्हणजे लॅपटॉपच्या टचपॅडमधून शरीरामार्फत डेटा पाठवला, तेव्हा वेग होता सेकंदाला 50 बिट. फोटो पाठवायचा विचारच सोड. मात्र 128 बिटांची गुप्त किल्ली तीन सेकंदांच्या आत जाते, तीही हवेत न पसरता, फक्त हात लावणाऱ्यापर्यंत. मला तरी सगळी गंमत इथेच वाटते.

या नावाची नोकरी शोधू नकोस, मिळणार नाही. टच कंट्रोलरचं फर्मवेअर (चिपच्या आत चालणारा प्रोग्राम), दाबाची माहिती स्क्रीनमार्फतच पाठवणारे डिजिटल पेन, हार्डवेअर सुरक्षा, अशा कामांकडे बघ. विद्युतचुंबकीय लहरींनी स्क्रीनवर खोटे स्पर्श उमटवता येतात, हे 2022 मध्ये सिद्ध झालंय. ते रोखणारी माणसंही लागतातच.

घरच्यांचंही अगदी चुकत नाही. सी भाषा पक्की हवी, सिग्नल प्रोसेसिंग टाळून चालणार नाही. इलेक्ट्रॉनिक्सला प्रवेश नाहीच मिळाला, तर कॉम्प्युटर घेऊन एम्बेडेड सिस्टिम्सचे (उपकरणांच्या आत बसवलेल्या छोट्या संगणकांचे) विषय निवड.

तोवर एक करून बघ. जुन्या फोनच्या स्क्रीनवर फॉइलचा तुकडा चिकटव. त्याची वायर रिलेतून (विजेने चालू-बंद होणाऱ्या स्विचमधून) धातूच्या मोठ्या पत्र्याला जोड, रिले बॅटरीवरच्या मायक्रोकंट्रोलरने (प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या चिपने) चालू-बंद कर. जमलं तर फोनला स्पर्श झाल्यासारखा वाटेल. मग वेग वाढवत ने, आणि कुठल्या वेगाला फोन स्पर्श चुकवायला लागतो त्याची नोंद मला पाठव.

तुझी समुपदेशक